वय हे निदान नव्हे

एकाच वर्षात आमच्या घरातली दोन माणसं बदलली. सासूबाई ८२ वर्षांच्या, यजमान ५४ चे. सासूबाईंना डिमेन्शियाच झालाय, असं आल्यागेल्यानं ठरवून टाकलं. यजमानांना तो असेल, हे कुणाच्या मनातही येईना. तपासण्या झाल्या आणि दोन्ही बाबतीत सगळे चुकीचे ठरले.

सासूबाई रविवारी मेथी निवडत शेजारणीची उणीदुणी काढत होत्या. मंगळवारी त्यांनी मलाच विचारलं, "तू कुणाची गं?" रात्रभर कपाटातली लुगडी काढून पुन्हा घड्या घालत राहिल्या. भेटायला येणारा जो तो "वय झालं, चालायचंच" म्हणत चहा पिऊन जाई. "मागच्या आठवड्यात वय नव्हतं का?" असं मी एकदा विचारलं, तर नणंदबाईंना राग आला. रक्त तपासलं तेव्हा सोडियम फार खाली गेलेलं निघालं. रक्तदाबासाठी नव्यानं सुरू केलेली, लघवी वाढवणारी गोळी त्याला कारण होती. दवाखान्यात ते हळूहळू वर आणलं, गोळी बदलली आणि सासूबाई पुन्हा मेथीला बसल्या.

एवढ्यावरून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. डिमेन्शिया बहुधा महिनोन्‌महिने, पावलापावलानं येतो. म्हातारं माणूस दोन-चार दिवसांत बरळायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घसरलेलं सोडियम, लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, झोपेची किंवा ॲलर्जीची नवी गोळी, यांपैकी काहीही असू शकतं. पडून डोक्याला मार लागला असेल, तर कित्येक आठवड्यांनीही आत रक्त साचलेलं सापडतं. आधीच डिमेन्शिया असलेल्या माणसाची तब्येत अशी अचानक बिघडली, तरी हीच कारणं आधी शोधायची.

यजमानांचं सगळं वेगळं होतं. साखर कारखान्यात अकाउंट्सला होते. कुठल्या हंगामात गाळप किती, उतारा किती, सगळं तोंडपाठ. विसरणं नावालाही नव्हतं. बदलला तो स्वभाव. रिक्षावाल्याकडून सुटे दोन रुपये मागून घेणारा हा माणूस अर्ध्या ओळखीच्या लोकांना पतसंस्थेत जामीन राहू लागला. एका लग्नात त्यांनी शेजारच्या पानातली जिलबी उचलून खाल्ली आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. जिवलग मित्र गेला, तेव्हा दारात तिरडी बांधत असताना "जेवण किती वाजता?" म्हणून विचारलं.

लोक म्हणाले, कामाचं टेन्शन आहे. काहींनी मलाच संशयी ठरवलं. एका डॉक्टरांनी विचारलं, "विसरत नाहीत ना? मग या वयात कसला डिमेन्शिया!" आणि नैराश्याच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढे दुसऱ्या शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी मला एकटीला आत बोलावलं आणि विचारलं, "दोन वर्षांपूर्वी हे कसे होते?" निदान झालं फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचं. यात मेंदूचा पुढचा आणि कानशिलांकडचा भाग आक्रसत जातो. हा आजार बहुतेकदा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. आधी वागणं किंवा बोलणं बिघडतं, स्मरणशक्ती पुष्कळ दिवस टिकते.

एवढ्या कमी वयात डिमेन्शिया होण्यात नवलाचं काही नाही. आलॉइस अल्झायमर यांनी ज्यांच्या आजाराचं वर्णन केलं आणि ज्यावरून पुढे त्या रोगाला त्यांचं नाव मिळालं, त्या ऑगुस्टे डेटर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या. डिमेन्शियाच्या शंभरातल्या नऊपर्यंत रुग्णांना तो पासष्टीच्या आत गाठतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना काय काय बदललं ते तारखांसह लिहून न्या आणि शक्यतो रुग्णाच्या माघारी द्या. "मला काही झालेलं नाही," असं रुग्ण म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याला तसंच वाटत असतं. थायरॉइड, बी-१२ आणि नैराश्य आधी तपासून घ्या, ते उपचारानं सुधारू शकतात. सुरुवातीचा एमआरआय कधीकधी स्वच्छ येतो. वागणं बिघडतच गेलं, तर काही महिन्यांनी पुन्हा दाखवा.

नोकरीत बोलणी बसू लागली, तरी घाईनं राजीनामा देऊ नका. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये सेवेत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं, तर पेन्शनची तरतूद आहे. राजीनाम्याआधी तिची चौकशी करा. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. लिहून देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यानं ते संपतं, मग पालकत्वासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. जोडखातं, वारसनोंद, मृत्युपत्र ही कामं त्यांना कळतंय तोवरच, त्यांना शेजारी बसवून उरकून घ्या.

निदान लवकर झालं असतं, तरी आजार थांबला नसता. तो बरा करणारं औषध आज नाही. पण पतसंस्थेतल्या त्या सह्या नक्की थांबल्या असत्या. त्यांचे हप्ते आम्ही अजून भरतोय.