आश्रय देणारे नगर
(शास्त्राभ्यास : शास्ते १९ ते २१, २ शमुवेल २०)

दिनांक ११ मे २०२५ रोजी लखनौ येथील ब्रह्मोस क्षेपणास्त्रांच्या जुळणी व चाचणी केंद्राचे उद्घाटन झाले. त्याच शहराचे खासदार असलेले संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ते दिल्लीहून दूरदृश्य यंत्रणेद्वारे केले. त्या वर्षी २२ एप्रिलला पहलगाम येथे २६ निरपराध माणसे मारली गेली होती. त्यांत सहा जण आपल्या महाराष्ट्रातील होते. ७ मे रोजी भारताने नऊ ठिकाणी प्रहार केला आणि १० मे रोजी लढाई थांबली. त्याच दिवशी सरकारी सूत्रांकडून जाहीर झाले की, यापुढे भारतावर होणारे दहशतवादी कृत्य हे युद्धाचे कृत्य समजले जाईल. दहशतवाद्यांचे सूत्रधार आणि त्यांना पोसणारे सरकार यांत भेद केला जाणार नाही, असे पंतप्रधानांनी १२ मेच्या भाषणात सांगितले. पाकिस्तानने मात्र आपला संबंध नाकारला.

वाचकहो, या धोरणात दोन प्रश्न दडलेले आहेत. दहशतवाद म्हणजे नेमके काय? आणि दुसऱ्याच्या हातून घडलेल्या रक्तपाताचा दोष एखाद्या राष्ट्रावर केव्हा येतो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जगाला अद्याप एकमताने देता आलेले नाही. राष्ट्रसंघाने १९३७ साली या विषयावर एक करार केला, पण त्याला अंतिम मान्यता देणारा देश एकच निघाला, आणि तो म्हणजे तत्कालीन ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थान! पुढे १९९६ मध्ये स्वतंत्र भारताने संयुक्त राष्ट्रांपुढे सर्वंकष कराराचा मसुदा मांडला. तो स्वातंत्र्यलढे आणि राष्ट्रांची सैन्ये यांना व्याख्येत घ्यावे की वगळावे, या वादात अडकून राहिला.

हा वाद पोकळ नाही, हे लखनौकरांना सांगायला नको. ९ ऑगस्ट १९२५ रोजी जवळच्या काकोरी येथे क्रांतिकारकांनी रेल्वेतील सरकारी खजिना लुटला. त्या गडबडीत गोळी लागून एक प्रवासी मरण पावला. खटला लखनौमध्येच चालला. रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान, रोशन सिंह व राजेंद्रनाथ लाहिरी हे डिसेंबर १९२७ मध्ये फासावर गेले. परकीय सरकार अशा तरुणांना दहशतवादी म्हणे. आपण त्यांना हुतात्मे म्हणतो. माझ्या मते भेद येथे पाहावा : काकोरीत लक्ष्य खजिना होता, प्रवाशाचा मृत्यू हा योजलेला हेतू नव्हता. पहलगामात निःशस्त्र माणसाला मारणे हाच हेतू होता. कृत्याची पारख कर्त्याच्या ध्येयावरून न करता त्याने कोणाला आणि कशासाठी लक्ष्य केले यावरून केली, तर व्याख्या बरीचशी सरळ होते. मात्र तीच फूटपट्टी मग सरकारी सैन्यालाही लावावी लागते, आणि नेमके तेथेच राष्ट्रे अडतात.

दुसरा प्रश्न पवित्र शास्त्राला अपरिचित नाही. गिबा येथील दुष्टांनी एका लेव्याच्या उपपत्नीचा अमानुष छळ करून तिचा बळी घेतला. इस्राएलाच्या वंशांनी प्रथम बन्यामिनाकडे माणसे पाठवून अपराध्यांची मागणी केली. बन्यामिनाने ती धुडकावली आणि लढण्यासाठी सैन्य गोळा केले. गुन्हा काही जणांचा होता. नकारामुळे तो सर्व वंशाचा झाला. युद्धाचे कारण येथे आहे, हे मान्य केले पाहिजे. पण पुढचे अध्याय घाईने वाचू नयेत. इस्राएलाचे पहिल्या दिवशी २२,००० आणि दुसऱ्या दिवशी १८,००० पडले. नंतर बन्यामिनाची नगरे, माणसे, गुरे सरसकट नष्ट झाली, सहाशे पुरुष उरले, आणि विजेतेच बेथेल येथे आपला एक वंश नाहीसा झाला म्हणून रडत बसले. कारण न्याय्य होते. मर्यादा मात्र कोणी पाळली नाही.

याउलट आबेल-बेथ-माका येथे बंडखोर शबा लपला असता यवाबाने वेढा घातला. एका शहाण्या स्त्रीने तटावरून त्याला विचारले की, तू संपूर्ण नगर का बुडवतोस? यवाबाने एकाच माणसाची मागणी केली, ती पुरी होताच रणशिंग फुंकून सैन्य माघारी नेले. (याच यवाबाने त्याच अध्यायात अमासाचा विश्वासघाताने वध केला आहे, तेव्हा त्याला आदर्श पुरुष समजण्याचे कारण नाही.)

आजचा आंतरराष्ट्रीय कायदा याच दोन नगरांमध्ये घुटमळतो. निकाराग्वा खटल्यात १९८६ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ठरवले की, बंडखोरांना शस्त्रे पुरवणे बेकायदेशीर असू शकते. तरी तेवढ्याने तो 'सशस्त्र हल्ला' ठरून स्वसंरक्षणार्थ युद्धाचा हक्क मिळत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेने आश्रय देणाऱ्यालाच जबाबदार धरले. तालिबानकडे आधी अपराध्यांची मागणी केली आणि नकारानंतर ७ ऑक्टोबरला हल्ला केला. मुंबईवर २००८ मध्ये हल्ला होऊन १६६ जण गेले, तेव्हा भारताने युद्ध न करता जानेवारी २००९ मध्ये पुराव्यांचे दस्तऐवज पाकिस्तानच्या हाती दिले. ही दुर्बलता होती, असे अनेकांना वाटते. मला ती गिब्याकडे पाठवलेल्या माणसांसारखी वाटते : मागणी झाली, उत्तर काय आले हे जगाने पाहिले. परंतु मागणी अनंतकाळ करीत राहावे, असेही शास्त्र सांगत नाही.

थॉमस अॅक्विनास यांनी न्याय्य युद्धासाठी योग्य अधिकार, योग्य कारण आणि योग्य हेतू अशा तीन अटी घातल्या. प्रत्येक दहशतवादी कृत्य म्हणजे युद्ध असे आधीच ठरवून टाकले, तर कारणाची तपासणी कोण करणार? एखाद्या टोळीचे कृत्य, सरकारने डोळेझाक केलेले कृत्य आणि सरकारने स्वतः आखलेले कृत्य ही तीन निरनिराळी आहेत. त्यांना एकच शिक्षा योजली, तर दोन अण्वस्त्रधारी देशांमध्ये युद्ध केव्हा सुरू व्हावे हे चार बंदूकधारी ठरवतील.