फेरिकला गृहीत धरू नका

घरी पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, करणारी मुलं सोल्डरिंग आयर्नला जपतात, ड्रिलला जपतात. फेरिक क्लोराइडचं मात्र त्यांना काही वाटत नाही. ते पेटत नाही, वासही फार नाही, दिसायला कोऱ्या चहासारखं. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. माझ्याकडे प्रोजेक्टसाठी डिप्लोमाची मुलं येतात, त्यांना मी पहिल्यांदा सांगतो: एचिंग, म्हणजे बोर्डावरचं नको असलेलं तांबं फेरिकमध्ये विरघळवणं, सोपं आहे, सांभाळायचं आहे ते त्याच्या आधी आणि नंतर.

त्यातल्याच एकाने घरी फेरिक लवकर तापावं म्हणून ते अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात ओतलं. गॅस पेटवायची वेळच आली नाही. अ‍ॅल्युमिनियमशी गाठ पडताच ते आपोआप उकळलं, हायड्रोजनचे बुडबुडे आणि झोंबणारी वाफ सुटली, सगळं ओट्यावर उतू गेलं. मी पोहोचलो तेव्हा पातेल्याच्या बुडाला भोकं होती. कडप्प्याची चकाकी जाऊन तिथे खरबरीत पट्टा उमटला होता. कडप्पा म्हणजे चुनखडक, आम्लापुढे टिकणार कसा? मुलगा खोकत होता, पण डोळे वाचले. चष्मा होता म्हणून, तोही नंबरचा.

तेव्हा भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचंच. स्टीलही नको, त्यालाही हे खड्डे पाडतं. कोरडी पूड पाण्यात विरघळताना चांगलीच तापते, म्हणून पाणी आधी घ्या आणि पूड थोडीथोडी टाका. उलटं कधीही नको. द्रावण कोमट हवं असेल तर प्लॅस्टिकचा ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवा. चाळीस-पंचेचाळीस अंश पुरे. तांब्याचा थर बहुधा 35 मायक्रॉनचाच असतो, ट्रे हलवत राहिलं की निघतो. हातमोजे, गॉगल, उघडी खिडकी हे सांगायला नकोच. स्वयंपाकघरात मात्र हे काम करूच नये.

काही जण फेरिकऐवजी फरशी धुवायचं अ‍ॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. काम झपाट्याने होतं, पण पेरॉक्साइड जास्त झालं की क्लोरीन सुटू शकतो. शिवाय हे मिश्रण बाटलीत घट्ट बंद केलं तर आत वायू साठून बाटली फुटते. घराच्या आत मी ते करू देत नाही.

सगळ्यात जास्त हयगय होते ती वापरलेल्या द्रावणाची. काम झालं की मोरीत! त्यात आता विरघळलेलं तांबं असतं, ते माशांना आणि पाण्यातल्या इतर जिवांना घातक. मोरीची जाळीही खाल्ली जाते. खराब होईपर्यंत तेच द्रावण पुन्हा वापरा. मग ते मोठ्या बादलीत घेऊन त्यात धुण्याचा सोडा चिमूटचिमूट घाला, कारण फेस जोरात वर येतो. फेस थांबला आणि लाल लिटमस निळा झाला की एक-दोन दिवस निवळू द्या. खाली बसलेला गाळ वाळवून, पिशवीत बांधून, वर नाव लिहून घरगुती धोकादायक कचऱ्यात वेगळा द्या.

आणि उरलेलं फेरिक पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर बाटली कुलपातच हवी.