शिडाची डिंगी : विकत घेण्यापूर्वीचे गणित

समजा तुम्ही भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या वसाहतीत राहता आणि तुमचे काका नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये, समुद्राकाठच्या एका गावी राहतात. एके दिवशी त्यांचे पत्र येते : ‘येथे सुटीच्या दिवशी मुलेमाणसे शिडाच्या लहान होड्या घेऊन पाण्यावर जातात. या होडीला डिंगी म्हणतात. आम्हीही एक जुनी डिंगी विकत घ्यावी म्हणतो. मी आहे, काकू आहे, अकरा वर्षांचा बंडू आहे. कोणती घ्यावी? तू विज्ञान शिकत आहेस, तेव्हा विचार करून कळव.’

जवाहरनगरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मग तुम्ही काय कळवणार? पुष्कळ काही कळवू शकाल! कारण इंग्लंडच्या समुद्रातील डिंगी आणि वैनगंगेतील डोंगा या दोहोंना पाण्याचे नियम एकच लागू पडतात.

डोंगा आणि डिंगी

भंडारा ओलांडून कारध्याच्या पुलावर गेलात की वैनगंगेचे पात्र दिसते. या नदीत ढीवर मच्छीमार लांबट, अरुंद डोंग्यातून जाळी टाकतात. डोंगा वल्ह्याने किंवा बांबूने चालतो. तो अरुंद असल्यामुळे थोड्या जोराने पुढे सरकतो. पण त्याच कारणाने त्यात कोणी एकदम उभे राहिले तर तो कलतो. ढीवराला हे ठाऊक असते, म्हणून तो आपला तोल फार बेताने सांभाळतो.

डिंगी त्या मानाने आखूड व रुंद असते. तिला एक डोलकाठी, एक किंवा दोन शिडे, मागे सुकाणू आणि पोटातून पाण्यात खाली सोडायची एक फळी असते. शिडावर बाजूने वारा आला की नाव आडवी वाहून जाऊ पाहते. ही फळी तिला आडवी सरकू देत नाही, म्हणून ती पुढे जाते. वारा ज्या दिशेकडून येतो त्या दिशेला मात्र कोणतीही शिडाची नाव सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन ठेवून, एकदा डावीकडे तर एकदा उजवीकडे अशी नागमोडी वाट तिला काढावी लागते.

पहिला प्रश्न : उलटली तर?

नाव घेणारा बहुधा प्रथम विचारतो, ‘ही किती वेगाने जाते?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. पहिला प्रश्न असा : ही उलटली, पाण्याने भरली, तर काय होईल?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. जानेवारी २०२४ मध्ये याच वैनगंगेत, गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, मिरची तोडायला निघालेल्या स्त्रियांची नाव उलटली आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. नाव तरंगत आहे तोवर सारे ठीक असते. खरी परीक्षा ती भरल्यानंतर होते.

आर्किमिडीजचा नियम आठवा. पाण्यातील वस्तू जेवढे पाणी बाजूस सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते. आता काचतंतूंची (फायबरग्लासची) ६० कि.ग्रॅ. वजनाची एक नाव घ्या. या पदार्थाची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट धरू. म्हणजे त्याचे आकारमान ६० ÷ १.५ = ४० लिटर. नाव पूर्ण भरली तर पाणी तिला फक्त ४० कि.ग्रॅ. वजनाइतकाच आधार देईल. उरलेल्या २० कि.ग्रॅ.मुळे ती तळाला जाईल. ती बुडू नये म्हणून निदान २० लिटर हवा तिच्यात कायम कोंडलेली हवी. शिवाय डोलकाठी, दोर, कड्या यांचे वजन आहेच. माणसांनी पुन्हा वर चढून पाणी उपसायचे असेल तर आणखी शंभर-दीडशे लिटर हवा हवी. यासाठी चांगल्या डिंगीत बंद हवाकोश किंवा फुगवलेल्या पिशव्या बसवलेल्या असतात. ज्या नावेत ते नाहीत किंवा गळके आहेत, ती कितीही स्वस्त मिळाली तरी काकांनी घेऊ नये.

दुसरा प्रश्न : वारा आणि वजन

मोठ्या शिडाच्या नौकेच्या तळाशी शिशाचे किंवा लोखंडाचे जड वजन असते. डिंगीत ते नसते. वाऱ्याने नाव एका बाजूला कलू लागली की बसणारा दुसऱ्या काठावर सरकतो आणि आपल्याच वजनाने तिला सरळ ठेवतो. म्हणून डिंगी निवडायची ती बसणाऱ्याच्या वजनावरून. थोडे गणित करू.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवेची घनता दर घनमीटरला १.२ कि.ग्रॅ. धरली आणि वेग सेकंदाला ५ मीटर (ताशी १८ कि.मी.) असला, तर दाब ½ × १.२ × ५ × ५ = १५ न्यूटन दर चौरस मीटर येतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे ६० न्यूटन होतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून हा दाब साऱ्या शिडावर सारखा पडतो असे मानू.

मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची डिंगी आहे. अमेरिकेतील क्लार्क मिल्स यांनी ती १९४७ साली आखली. लांबी २.३६ मीटर, रुंदी १.१२ मीटर, वजन ३५ कि.ग्रॅ. आणि शीड सुमारे ३.३ चौरस मीटर. सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात शिडावर सुमारे ५० न्यूटन बल पडेल. शिडाचा मध्य वर आणि फळीचा मध्य पाण्याखाली. दोघांतील अंतर दीड मीटर धरा. बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला परिबल म्हणतात. नाव कलवणारे परिबल झाले ५० × १.५ = ७५.

बंडूचे वजन ४० कि.ग्रॅ., म्हणजे सुमारे ४०० न्यूटन. तो काठावर, मध्यरेषेपासून ०.५५ मीटरवर बसला तर नाव सावरणारे परिबल ४०० × ०.५५ = २२०. म्हणजे चिंता नाही. पण वारा दुप्पट झाला तर कलवणारे परिबल चौपट, ३०० होते! आता नुसते काठावर बसून भागणार नाही. पट्ट्यात पाय अडकवून अंग बाहेर झोकले आणि गुरुत्वमध्य ०.८ मीटरवर नेला, तर ३२० मिळतात व नाव कशीबशी सावरते. नाहीतर शिडाचा दोर सैल सोडून वारा निसटू द्यावा लागतो. हे दोर सैल सोडणे डिंगी शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडले पाहिजे.

तीन नावांची तुलना

दुसरी नाव ‘लेझर’. कॅनडाचे ब्रूस कर्बी यांनी ती आखली आणि १९७१ पासून ती विकली जाऊ लागली. १९९६ पासून ती ऑलिंपिक शर्यतींत आहे. आता शर्यतींत तिला आय.एल.सी.ए. या नावाने ओळखतात. लांबी ४.२ मीटर, सांगाड्याचे वजन ५९ कि.ग्रॅ., शीड ७.०६ चौरस मीटर. वर केलेला हिशेब हिला लावा. वारा सेकंदाला ७ मीटर आणि अंतर २.५ मीटर धरले तर कलवणारे परिबल सुमारे ५२० येते. बंडूने अंग बाहेर झोकून गुरुत्वमध्य १.१ मीटरवर नेला तरी ४४०च होतात. नाव उलटणार! पंच्याहत्तर किलोच्या काकांना मात्र त्याच पवित्र्यात ८२५ मिळतात. म्हणजे मोठ्या शिडाची लेझर एकट्या काकांना ठीक, बंडूला नाही. याच सांगाड्यावर ५.७६ आणि ४.७ चौरस मीटरची लहान शिडेही चढवता येतात. हलक्या वजनाच्या माणसासाठीच ती सोय आहे.

तिसरी ‘मिरर’. १९६२ साली जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती आखली व ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने ती लोकांपर्यंत नेली. साधारण माणसालाही घरच्या घरी नाव बांधता यावी, हा त्यामागचा हेतू. प्लायवुडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने ‘शिवायचे’ आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची, अशी तिची युक्ती. सुरुवातीला या साऱ्या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग होती. लांबी ३.३ मीटर, वजन सुमारे ४५ कि.ग्रॅ., दोन लाल शिडे, अंगचेच हवाकोश. तिच्या काठ्या आखूड असल्यामुळे नावेच्या आतच मावतात. अशा सुमारे ७०,००० नावा बांधल्या गेल्या. आपल्याकडे एन.सी.सी.च्या नौदल विभागाचे छात्र ज्या ‘एंटरप्राइज’ डिंगीवर शिकतात, तीही याच जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखली.

काका, काकू आणि बंडू यांतील दोघे आळीपाळीने बसणार असतील तर तिन्हींत मिरर बरी. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला ती मोटारीच्या टपावरून नेता येते. शिवाय परदेशातील मुक्काम किती दिवसांचा, हे आधी माहीत नसते. म्हणून ज्या जातीच्या नावा पुष्कळ आहेत, जिचे सुटे भाग मिळतात आणि जी पुढे विकता येते, तीच घेणे शहाणपणाचे.

तिसरा प्रश्न : पाणी कोणते?

वैनगंगेला भरती-ओहोटी नाही, समुद्राला आहे. मुंबईला मोठ्या भरतीच्या वेळी पाण्याच्या पातळीत सुमारे पाच मीटर फरक पडतो. इंग्लंडच्या ब्रिस्टल खाडीत तो बारा मीटरांहून जास्त असतो! एवढे पाणी सहा तासांत आत शिरते आणि सहा तासांत बाहेर जाते, तेव्हा प्रवाह किती जोराचा असेल? नाव सेकंदाला दीड मीटर पुढे जात असेल आणि प्रवाह दोन मीटर वेगाने उलटा असेल, तर शीड भरलेले असूनही नाव मागेच जाईल. म्हणून नवशिक्याने तलावात किंवा बांधलेल्या जलाशयात शिकावे.

दुसरा फरक थंडीचा. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट लवकर शरीरातील उष्णता ओढून घेते. तिकडे वसंतात ऊन छान पडते, पण समुद्र दहा अंशांच्या आसपासच असतो. त्यात पडताच श्वास कोंडतो, धाप लागते आणि पोहणाराही घाबरा होतो. म्हणून वजनाला जुळणारे जीवरक्षक जाकीट आणि थंडीचा पोशाख यांचे पैसे नावेच्या किमतीतच धरावेत.

जुनी नाव तपासताना

काकांना पुढील गोष्टी कळवा.

१. नावेचे एक टोक एका वजनकाट्यावर आणि दुसरे टोक दुसऱ्यावर ठेवा. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे नावेचे वजन. लेझरचा ५९ कि.ग्रॅ.चा सांगाडा ६८ भरला, तर नऊ लिटर पाणी त्याच्या अंगात मुरले असण्याचा संभव आहे. जुनी डागडुजी हेही एक कारण असू शकते. तेव्हा विचारून घ्या.

२. बोटांनी सर्वत्र ठोकून पाहा. टणक आवाज चांगला. बद्द आवाज आला किंवा दाबल्यावर पृष्ठभाग लवला तर आतील थर सुटले आहेत.

३. हवाकोशाच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावा आणि आत हलकेच हवा भरा. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतो तसेच. बुडबुडे आले की गळती सापडली.

४. शीड उन्हासमोर धरा. शिवणी उसवल्या आहेत का, कापड मऊ पडून ताणले गेले आहे का, ते पाहा.

५. शिडावरचा क्रमांक आणि विकणाऱ्याकडील कागद जुळतात का, ते तपासा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : विकत घेण्यापूर्वी तशाच नावेवर, जाणत्या माणसाबरोबर, उथळ पाण्यात ती मुद्दाम उलटवून पुन्हा सरळ करून पाहा. जी नाव काका-बंडूला आपली आपण सरळ करता येते, तीच त्यांची नाव.

करून पाहा

स्टीलचे लहान पातेले बादलीत तरंगत ठेवा. हळूहळू पाणी ओता, ते बुडेल. आता झाकण घट्ट लावलेली रिकामी प्लॅस्टिकची बाटली पातेल्यात आडवी बसवून दोऱ्याने पक्की बांधा आणि पुन्हा पाणी ओता. काय होते?

विचार करा

१. २३४ ग्रॅम वजनाच्या स्टीलच्या पातेल्याला (घनता ७.८) भरल्यावरही तरंगत ठेवण्यास निदान किती मिलिलिटर कोंडलेली हवा लागेल? बाटलीचे वजन सोडून द्या. (उत्तर : २०४)

२. नावेत एक मोठा हवाकोश ठेवण्यापेक्षा दोन्ही बाजूंना एकेक लहान कोश ठेवणे चांगले का? निदान दोन कारणे लिहा.

३. डोंग्यात पाच माणसे बसून जाणे आणि तीच पाच माणसे उभी राहून जाणे, यांत धोका कशात जास्त? गुरुत्वमध्याच्या आधारे सांगा, आणि नदीपार जाणाऱ्या आपल्या माणसांनाही ते समजावून द्या.