रोवणीचे दिवस आणि घरातील तान्हे मूल
(इयत्ता तिसरी व चौथीच्या परिसर-पाठासाठी, शिक्षकांच्या विचारार्थ)

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगाव हे चौरास भागातील गाव. चौरास हा धानाचा मुलूख होय. अशा गावी शाळेचे वर्ष आणि शेतीचे वर्ष यांचा आरंभ जवळजवळ एकाच वेळी होतो. उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा काहीशा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच सुमारास शेतात पऱ्हे टाकलेले असतात, आणि मुलांचे नवे पुस्तक पुरते उलगडण्यापूर्वी रोवणी दाराशी येऊन उभी राहते.

जुलैच्या मध्यापासून पुढील महिनाभराचे हजेरीपुस्तक शिक्षकांनी एकदा निवांतपणे चाळून पाहावे. गैरहजेरीच्या खुणा सर्वच नावांपुढे सारख्या पडलेल्या नसतात. आठ ते बारा वर्षांच्या काही मुलींच्या नावांपुढे त्या ओळीने दिसतात, आणि कारणाच्या रकान्यात पुष्कळदा ‘घरकाम’ एवढाच शब्द असतो. त्या घरी चौकशी केली असता बहुधा असे आढळते की, घरात तान्हे मूल आहे, आई रोवणीला गेली आहे, आणि बाळ मोठ्या बहिणीच्या कडेवर आहे. प्रस्तुत पाठ या मुलीसाठी, व तिच्याबरोबर संपूर्ण वर्गासाठी योजिला आहे.

आईला दोष देण्यापूर्वी धानाचा स्वभाव ध्यानी घ्यावा. पऱ्हे साधारणतः तीन ते चार आठवड्यांचे झाले की ते उपटून बांधीत रोवावे लागतात. ते अधिक दिवस राहिले तर पुढे फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. बांधीत पाणी साचल्यावाचून चिखलणी होत नाही, आणि पाऊस कोणाची सोय पाहून पडत नाही. त्यामुळे साऱ्या गावाला रोवणीचे हात एकाच पंधरवड्यात हवे असतात. कापणी दोन दिवस पुढे ढकलता येईल. रोवणीला तेवढी सवड नसते. जिचे स्वतःचे शेत नाही तिलाही मजुरीचे हेच दिवस. बाळ चार महिन्यांचे आहे की दहा महिन्यांचे, हे पाहून काम थांबत नाही.

अशा घराचा एक दिवस मुलांकडूनच वर्णन करवून घ्यावा. ते आपल्यापेक्षा अधिक अचूक सांगतील. माय पहाटे उठते, भात-वरण करून ठेवते, बाळाला पाजते आणि डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन निघते. आजी असेल तर बाळ तिच्यापाशी राहते. पण आजीचेही हात पुष्कळदा रोवणीला लागतात. मग तिसरीतील मुलगी बाळाला झोळीत झोके देते, ओले दुपटे बदलते आणि दुपारी त्याला पाजण्यासाठी धुऱ्याधुऱ्याने शेतापर्यंत नेते. धुरा निसरडा, एका हातात बाळ, दुसऱ्या हातात भाकरीचे गाठोडे. एवढी जोखीम रोज उचलणाऱ्या मुलीला आपण वर्गात ‘मागे पडलेली’ म्हणतो, हे आमच्या मते फारसे न्याय्य नाही.

काम आणि तान्हे मूल यांचा हा तिढा केवळ धानाच्या मुलखाचा नाही. १९२०च्या सुमारास मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया बाळ दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देत. ‘बाळागोळी’ या नावाने ती विकली जाई, आणि तत्कालीन सरकारी चौकशीतही या प्रथेची नोंद झाली होती. पुढे १९४८च्या कारखाने अधिनियमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यात पाळणाघर ठेवणे बंधनकारक केले. १९७६च्या दुरुस्तीने ती संख्या तीसवर आणली. बांधीत वाकून रोवणाऱ्या स्त्रीला मात्र असा कारखानाही नव्हता आणि असा मालकही. तिचे पाळणाघर म्हणजे तिची थोरली मुलगी.

या प्रश्नाचे शिक्षकाच्या बाजूने उत्तर शोधण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला तो ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या हातून. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व १९५७ साली कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथून रूढ झाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली, आणि आपल्या पाठाला हीच गोष्ट सर्वांत जवळची आहे. धाकट्या भावंडाला घेऊन आलेल्या मुलीला तेथे दारातून परत पाठविले जात नसे. बाळ पाळणाघरात आणि ताई वर्गात, असा तो सरळ हिशेब होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. परंतु नित्याच्या अंगणवाडीत बसावयास येतात ती तीन ते सहा वर्षांची मुले. त्याहून लहान बाळासाठी घरी न्यावयाचा आहार, वजन व लसीकरण यांची व्यवस्था आहे. दिवसभर सांभाळण्याची व्यवस्था सर्वत्र नाही. केंद्र शासनाच्या २०२२ पासूनच्या ‘पालना’ योजनेत पाळणाघरांची तरतूद आहे. आपल्या गावी ती आली आहे काय, याची विचारपूस मुख्याध्यापकांनी अवश्य करावी. रोवणीच्या तीन-चार आठवड्यांपुरती एखादी वृद्ध बाई, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायत यांच्या संमतीने, शाळेशेजारी बाळे सांभाळू शकेल का, हेही ग्रामसभेत विचारण्यासारखे आहे. विचारण्यास काही खर्च येत नाही.

आता प्रत्यक्ष पाठ. ‘आमच्या घरचे बाळ’ हा विषय फळ्यावर लिहावा व प्रथम ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांनाच बोलू द्यावे. बाळ केव्हा पालथे पडले, केव्हा बसू लागले, दात कोणता आधी आला, रडण्याचे प्रकार किती? भुकेचे रडणे आणि झोपेचे रडणे यांतला फरक सांभाळणाऱ्या मुलीला नेमका कळतो. वर्षभर मागच्या ओळीत गप्प बसलेली मुलगी येथे वर्गाची शिक्षिका होते, आणि ते तसे होऊ द्यावे. मुलग्यांनाही हेच प्रश्न विचारावेत. ‘बाळ सांभाळणे हे बायकांचे काम’ असे कोणी म्हणालेच तर वाद न घालता, पुढील तासाला बाळाचे लंगोट धुण्याची कृती त्याच्याकडूनच सांगवून घ्यावी.

गणितासाठी माता-बाल संरक्षण कार्ड हे उत्तम साधन आहे. जन्माच्या वेळी तीन किलोग्रॅम असलेले निरोगी बाळ सुमारे पाच महिन्यांत दुप्पट व एका वर्षात तिप्पट वजनाचे होते. यावरून मुलांनी आलेख काढावा. मात्र कोणत्याही प्रत्यक्ष बाळाचे वजन वर्गात वाचून दाखवू नये. कमी वजन हे घरच्यांच्या मनाला लागते. लसींचे वेळापत्रकही वाचावयास घ्यावे: जन्मतःच बीसीजी, पोलिओ व काविळीची लस, पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या लसी, नऊ महिने पुरे झाल्यावर गोवर-रुबेलाची. चौदा आठवडे म्हणजे किती दिवस, असे विचारले की पाढाही होतो.

आरोग्याचा भाग पावसाळ्याला धरून शिकवावा, कारण ऋतू पालटला की बाळाचे दुखणेही पालटते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळास केवळ आईचे दूध द्यावे. वरचे पाणी, घुटी किंवा बोंडल्याने दिलेले काहीही देऊ नये. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ होते आणि रोग त्याच वाटेने येतो. सहा महिन्यांनंतर मऊ भात, घट्ट वरण, कुसकरलेली भाजी यांत थोडे तेल किंवा तूप घालून, आईच्या दुधाबरोबरच द्यावे. नुसत्या पेजेच्या पाण्याने पोट भरल्यासारखे दिसते, पोषण होत नाही.

हगवण लागल्यास क्षारसंजीवनीची पुडी पुडीवर लिहिल्याप्रमाणे पाण्यात विरघळवून द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. ही कृती वर्गात प्रत्यक्ष करून दाखवावी आणि मुलांना चव घेऊ द्यावी. अश्रूंहून खारट लागली तर मीठ अधिक झाले, हे ओळखण्याची ती सोपी खूण आहे. दूध पाजणे चालूच ठेवावे. बाळ सुस्त झाले, डोळे खोल गेले, दूध घेईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

पावसाळ्यात साप बिळातून बाहेर येतात. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून बाळाला भुईवर निजवू नये. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. यामुळे हिवतापाचा डासही दूर राहतो.

राहिला हजेरीचा प्रश्न. रोवणीच्या काळात मुलगी बाळाला घेऊन आली तर तिला वर्गात बसू द्यावे. बाळ रडेल, वर्गाचे लक्ष विचलित होईल, हे खरे. परंतु ती दारातून परत गेली तर महिनाभर येणार नाही, हेही तितकेच खरे. ओसरीत एक सतरंजी घालून ठेवावी. जी येऊच शकत नाही तिच्यासाठी आठवड्याचा अभ्यास दोन पानांत लिहून शेजारच्या मुलाबरोबर पाठवावा, आणि परत आल्यावर तिची चुकलेली प्रकरणे पोळ्यापूर्वी पुरी करून घ्यावीत.

पालकांची भेट मात्र पऱ्हे टाकण्याच्या आठवड्यातच उरकावी. रोवणी लागल्यावर दिवसा घरी कोणी भेटत नाही, आणि रात्री भेटले तरी दिवसभर पाण्यात वाकलेल्या माणसाशी फार बोलणे होत नाही. पहिल्या भेटीत शाळेचे नाव काढण्याची घाई करू नये. बाळ कसे आहे, कार्डावरील पुढची लस कोणत्या तारखेला आहे, रोवणीच्या दिवसांत त्याला कोण पाहणार, एवढे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना माय जिच्याकडे बोट दाखवील, तिचे नाव शिक्षकांनी आपल्या वहीत लिहून घ्यावे.