गच्चीवर पॅनेल चढवण्याआधी

अगं, ‘ताई, सोलर बसवू का?’ असं तू विचारलंस. माझं उत्तर आधीच सांगून टाकते : बसव. घर स्वतःचं आहे, गच्ची मोकळी आहे, दिवसभर ऊन पडतं, तर नक्की बसव. पण दारात आलेला तो विक्रेता ‘या आठवड्यात बुकिंग केलं नाही तर सबसिडी जाईल’ म्हणाला, म्हणून घाईघाईने नको. योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आखलेली आहे. आठवडाभर थांबून नीट चौकशी केलीस, तर काही बिघडत नाही. विक्रेत्याला या महिन्याची विक्री दाखवायची असते. तुला मात्र त्या पॅनेलांसोबत पंचवीस वर्षं काढायची आहेत.

आधी योजना समजून घे. ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवायचे, असं तिचं उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. ‘३०० युनिट मोफत’ हे वाक्य तू सगळीकडे ऐकलं असशील. त्याचा अर्थ सरकार तुला ३०० युनिट फुकट देणार, असा नाही. तीन किलोवॅटचा संच महिन्याला तीनशेहून जास्त युनिट तयार करतो, ती वीज तुझ्या बिलातून वजा होते, एवढंच. संचाचा खर्च तू करायचास, सरकार त्यातला काही भाग परत देतं. आणि स्थिर आकार तर संच बसवल्यावरही बिलात येतच राहतो. त्यामुळे ‘बिल शून्य’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर हा स्थिर आकार कुठे गेला, ते त्याला विचार.

सबसिडीचे आकडे सरळ आहेत. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये. म्हणजे तीन किलोवॅटला ७८,०००, आणि त्यापुढे कितीही मोठा संच घेतलास तरी तेवढेच. ‘साठ टक्के सबसिडी’ हा शब्दही फिरत असतो. ती टक्केवारी सरकारने धरलेल्या किमतीवर आहे, म्हणजे पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ५०,००० रुपये. बाजारातला भाव बहुतेक वेळा त्याहून जास्त असतो. म्हणून टक्क्यांवर जाऊ नकोस. कोटेशनमधून नक्की रुपये वजा कर आणि खिशातून किती जाणार ते बघ.

आता खरं काम. वीजबिल बाहेर काढ. मागच्या वर्षभराचा वापर त्यावरच छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करून सरासरी काढ. आपल्याकडे एक किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने रोज चार युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट देतो. उन्हाळ्यात जास्त, आषाढ-श्रावणात बरंच कमी. तुझा वापर महिन्याला २८० युनिट असेल, तर विक्रेता तीन किलोवॅट सांगणार, कारण सगळ्यात जास्त सबसिडी तिथे आहे. तू मात्र अंथरूण पाहून पाय पसर.

यामागचं कारण तुझ्या बिलातच आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० या टप्प्यात युनिटचा भाव जवळजवळ दुप्पट, आणि पुढे आणखी चढा. सौर वीज वजा होते तेव्हा आधी वरचे महाग युनिट कमी होतात. म्हणजे संचाचा पहिला किलोवॅट सगळ्यात जास्त पैसे वाचवतो आणि शेवटचा सगळ्यात कमी. वापरापेक्षा जास्त वीज तयार झाली तर ती पुढच्या महिन्यांत वळती होते, पण आर्थिक वर्ष संपताना शिल्लक राहिलेल्या युनिटांचे पैसे कमी दराने मिळतात. वीज विकून कमाई होईल या आशेने मोठा संच घेऊ नकोस.

आणि वीज तयार करण्याआधी ती वाया कुठे जाते ते बघ. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालत असतील, तर नुसते पंखे बदलून महिन्याला ६५ युनिट वाचतात. अर्ध्या किलोवॅटच्या पॅनेलाचं काम त्या चार पंख्यांत झालं, तेही बऱ्याच कमी पैशांत. म्हणून माझा क्रम असा : आधी पंखे आणि दिवे, मग सोलर. दोन-तीन वर्षांत एसी किंवा विजेवरची स्कूटर घ्यायचं नक्की असेल, तर तो वापर हिशेबात धर. स्कूटर रोज तीस किलोमीटर चालली तर साधारण एक युनिट लागतं. एसी मात्र तासाला एक-सव्वा युनिट सहज घेतो.

मग गच्चीवर जा, आणि तुझ्या सोयीने नाही, सूर्याच्या सोयीने जा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार, अशा तीन वेळांना सावल्या बघ. पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली, शेजाऱ्यांचं आंब्याचं झाड, कठडा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा सावल्या लांबतात, हे विसरू नकोस. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्याच ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादन घटू शकतं. पॅनेलांचं तोंड दक्षिणेला हवं. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट मोकळी जागा धर.

आणि जागा ठरवताना एक गोष्ट तूच बोलायला हवीस, कारण ती दुसरं कोणी विचारणार नाही. वाळवण कुठे घालणार? कपडे कुठे वाळणार? टाकी धुवायला वर चढायला वाट राहील का? सांगाडा बुटका असेल तर गच्ची अडते. माणूस खालून वावरेल इतका उंच सांगाडा घेतला तर गच्ची मोकळी राहते, पण लोखंड आणि खर्च वाढतो. हा निर्णय पुरुषमंडळींनी परस्पर घेऊ नये. गच्ची रोज जिच्या वापरात आहे, तिचं मत आधी.

स्लॅब पावसात झिरपत असेल, तर वॉटरप्रूफिंग आधी उरकून घे. सांगाडा उभा राहिल्यावर त्याच्या पायांखाली काम करणं फार त्रासाचं होतं. कोकणात किंवा समुद्राजवळ असशील, तर सांगाडा गॅल्व्हनाइज केलेलाच हवा, खारी हवा साधं लोखंड खाऊन टाकते.

आता कागद. वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे ते आजच बघ. बऱ्याच घरांत बिल अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर येतं. अर्ज त्या ग्राहकाच्या नावाने होतो आणि सबसिडीही त्याच्याच बँक खात्यात जमा होते, म्हणून नावात बदल आधी करून घे. आणि अगं, बदल करतेच आहेस, तर तुझं नाव लागू दे. घर सांभाळणारीचं नाव घराच्या कागदावर असावं, याला सोलरइतकं सोपं निमित्त पुन्हा मिळायचं नाही.

अर्ज योजनेच्या सरकारी पोर्टलवर होतो, आणि नोंदणीकृत विक्रेत्यांची यादीही तिथेच असते. त्या यादीतल्या तिघांकडून लेखी कोटेशन घे. त्यात काय बघायचं ते सांगते. सबसिडीसाठी पॅनेल भारतात बनवलेल्या सेलचे, म्हणजे ‘डीसीआर’ हवेत. प्रत्येक पॅनेलचा वॅट आणि कंपनी लिहिलेली हवी. इन्व्हर्टरची कंपनी आणि वॉरंटी हवी. अर्थिंग किती ठिकाणी करणार, ते विचार. डीसी बाजू, एसी बाजू आणि लायटनिंग अरेस्टर यांचं अर्थिंग वेगवेगळं हवं, यात काटकसर चालत नाही. नेट मीटरचा, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरचा, खर्च कोटेशनमध्ये धरलाय का? पाच वर्षं देखभाल विक्रेत्याने करायची असते, तेही लिहून घे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो कमी झालेला कर तुझ्या कोटेशनात दिसायला हवा. आणि सगळे पैसे आगाऊ कधीच देऊ नकोस. माल आल्यावर काही, बसवल्यावर काही आणि नेट मीटर लागून संच सुरू झाल्यावर उरलेले, असे हप्ते करारात घाल.

कर्ज लागणार असेल तर राष्ट्रीयीकृत बँकेत स्वतः जा. या योजनेत तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला तारणाशिवाय, तुलनेने कमी व्याजाचं कर्ज मिळतं. विक्रेत्याने आणलेल्या खासगी फायनान्सच्या कागदावर ‘बिलाएवढाच हप्ता’ हे वाक्य वाचून सही करू नकोस. एकूण व्याज किती भरायचं, तो आकडा आधी माग.

फसवणुकीचं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. सूर्यघरच्या नावाने फोन येतात, व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल येते, ‘सबसिडी अडकली आहे, शुल्क भरा’ म्हणून ओटीपी मागतात. सबसिडी मिळवायला कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. संच सुरू होऊन तपासणी झाली की ती थेट खात्यात येते. अनोळखी फाइल उघडायची नाही, ओटीपी सांगायचा नाही. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नकोस, त्याच क्षणी १९३० वर फोन कर. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त. आईबाबांनाही हा नंबर पाठ करायला लाव.

संच बसल्यावरचं थोडं. लाइट गेली की साधा ऑन-ग्रिड संचही बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुझ्या घरातून उलटा करंट जाऊन धक्का बसू नये, म्हणून तशी रचना असते. गावाकडे वीज वारंवार जात असेल, तर बॅटरीसह हायब्रिड संचाची किंमत विचार, पण तो बराच महाग पडतो हे लक्षात ठेव. पॅनेल धुवायचे ते सकाळी लवकर, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नकोस. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पुसून घे, नाहीतर पांढरे डाग धरतात. साबणाची पावडर नकोच. ओल्या गच्चीवर एकटी चढू नकोस.

रोजचं उत्पादन मोबाइलवर दिसतं, महिन्यातून एकदा ते बिलाशी ताडून बघ. बिलात चूक वाटली तर आधी महावितरणकडे लेखी तक्रार कर, त्यानंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि पुढे विद्युत लोकपाल, अशा पायऱ्या आहेत. त्या वापरायला वकीलच लागतो असं नाही.

नियम बदलत राहतात, त्यावरही नजर ठेव. १ जुलै २०२५ पासून टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारं मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली. वारं कुठे वाहतंय ते यातून कळतं. दिवसाची वीज स्वस्त होत जाणार आणि सूर्य मावळल्यावरची महागच राहणार. म्हणून वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, इस्त्री, स्कूटरचं चार्जिंग ही कामं आतापासूनच दिवसा उरकायची सवय लाव. दर ठरवण्याआधी वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो, लोकांकडून हरकती मागवतो. पुण्याची ‘प्रयास’ किंवा मुंबई ग्राहक पंचायत यांच्यासारख्या संस्था तिथे ग्राहकांची बाजू मांडत आल्या आहेत. पण घर चालवणाऱ्या बायकांचा आवाज तिथे फार कमी पोहोचतो, आणि मला ते मनापासून खटकतं. दिव्यापासून मिक्सरपर्यंत कुठली वस्तू कधी चालते, हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे?

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तुझ्या मैत्रिणींनाही सांग. सोसायटीच्या गच्चीवर लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी संच बसवता येतो आणि त्याला किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे. सर्वसाधारण सभेत ठराव मांडायला एकीने उभं राहायला हवं. घरकामाला येणाऱ्या मावशींचं स्वतःचं घर असेल आणि वापर १०० युनिटच्या आत असेल, तर राज्याच्या ‘स्मार्ट’ योजनेत त्यांच्यासाठी जादा अनुदान आहे. त्यांच्या अर्जाला मदत कर. उन्हाचा फायदा फक्त मोठ्या गच्चीवाल्यांनाच झाला, तर ही योजना अर्धीच यशस्वी झाली असं मी म्हणेन.

तर या रविवारी एवढंच कर. बारा महिन्यांची सरासरी काढ, गच्चीवरच्या सावल्या बघ, बिलावरचं नाव तपास. ते आकडे वहीत लिहिलेस की विक्रेत्याला खुशाल घरी बोलाव. त्याने बोलायला सुरुवात करण्याआधी तुझे प्रश्न त्याच्यासमोर ठेव, आणि उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय कशावरही सही करू नकोस.