स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंख्याची जोडणी

घराची दुरुस्ती निघाली की स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा बसवण्याचा विचार बहुधा होतोच. फोडणीचा ठसका, तेलाची वाफ व दमट हवा बाहेर टाकणे हे त्याचे काम. बटण दाबले आणि पाती फिरू लागली म्हणजे काम पुरे झाले, असे घरधन्यास वाटते. परंतु पंखा फिरणे हा जोडणी निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. तो का नव्हे, हे येथे पाहू.

धातूच्या चौकटीच्या पंख्यापर्यंत तीन तारा न्याव्या लागतात. पहिली वीजयुक्त तार. तिला कारागीर फेज म्हणतात. दुसरी तटस्थ, म्हणजे न्यूट्रल; आणि तिसरी भूसंपर्क तार, म्हणजे अर्थिंग. भारतातील घरगुती पुरवठ्यात पहिल्या दोन तारांमध्ये २३० व्होल्टचा दाब असतो. तटस्थ तार पुरवठ्याच्या रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असते. त्यामुळे धोका संभवतो तो मुख्यतः वीजयुक्त तारेपासून.

पंख्याला मात्र हा भेद कळत नाही. या दोन तारांची अदलाबदल झाली तरी तो फिरतो. त्याची दिशाही बदलत नाही. आता समजा, बटण चुकून तटस्थ तारेत बसवले गेले. बटण बंद करताच पंखा थांबेल, पण वीजयुक्त तार त्याच्या गुंडाळीपर्यंत पोचलेलीच राहील. पात्यांवरील तेलकट मळ ओल्या फडक्याने पुसू पाहणाऱ्या व्यक्तीला थांबलेला पंखा निर्धोक वाटतो, आणि हा विश्वासच तिचा घात करू शकतो. म्हणून बटण नेहमी वीजयुक्त तारेतच असले पाहिजे.

तिसऱ्या तारेवाचूनही पंखा फिरतो, आणि म्हणूनच अनेकदा नेमकी तीच वगळली जाते. उष्णता व तेलकट वाफ यांनी तारेचे आवरण कालांतराने खराब होते. उघडी पडलेली वीजयुक्त तार चौकटीला टेकली, तर सारी चौकट वीजयुक्त होते. भूसंपर्क नीट असल्यास मोठा प्रवाह त्या वाटेने जमिनीकडे जातो आणि वितळतार, म्हणजेच फ्यूज, पुरवठा तोडते. भूसंपर्क नसल्यास काहीच घडत नाही. कोणाचा तरी हात लागेपर्यंत दोष लपून राहतो.

वितळतार माणसालाही वाचवील, असा समज चुकीचा आहे. ४० वॉटच्या पंख्याला सुमारे ०.१७ अँपिअर प्रवाह लागतो, तर दिवे-पंख्यांच्या मंडलातील संरक्षक साधन सामान्यतः ६ अँपिअरचे असते. मनुष्याच्या शरीरातून ०.१ अँपिअर प्रवाह गेला तरी तो प्राणघातक ठरू शकतो. परंतु वितळतारेला त्याची दखलही लागत नाही. ती रक्षण करते ते तारांचे. माणसाच्या रक्षणासाठी आर.सी.सी.बी. हे निराळे साधन असते. गेलेला व परतलेला प्रवाह यांत ०.०३ अँपिअर इतका फरक पडला, तरी ते क्षणार्धात पुरवठा तोडते. तथापि, ते भूसंपर्काची जागा घेऊ शकत नाही, दोन्ही हवीत.

हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे, आणि मुख्य बटण बंद करून वीज खरोखर गेल्याची खात्री झाल्याखेरीज तारांना कोणीही हात लावू नये. भिंतीतील नळ्या सरळ उभ्या वा आडव्या रेषेत असाव्यात. तिरप्या नळीत पुढे कोणी खिळा ठोकण्याची भीती असते. गिलावा चढण्यापूर्वी घरधन्याने तीन प्रश्न अवश्य विचारावेत: बटण कोणत्या तारेत आहे? तिसरी तार चौकटीला खरोखर जोडली आहे काय? आणि तिची अखंडता मापकाने तपासली आहे काय? गिलाव्याआधी या प्रश्नांची उत्तरे डोळ्यांनी पाहता येतात. नंतर ती भिंतीत गाडली जातात. आणि पंखा तर दोन्ही प्रसंगी सारखाच फिरत राहतो.