दारोदारची विक्री आणि सम्यक आजीविका : एक अभ्यासपाठ

आपल्या वसतिगृहातून बारावी किंवा पदवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी अनेकांचे पहिले पाऊल मुंबईच्या उपनगरांत पडते. कोणी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात मामाकडे उतरतो, कोणी मुलुंडला बहिणीच्या घरी, तर कोणी अंधेरी-बोरिवलीच्या दरम्यान चार मित्रांसह भाड्याच्या खोलीत राहतो. नोकरीचा शोध सुरू होताच जी पहिली जाहिरात हाती लागते, तिचा मजकूर बहुधा ठरलेला असतो : ‘अनुभवाची अट नाही, ताबडतोब रुजू व्हा, कमाईला मर्यादा नाही.’ मुलाखत एखाद्या औद्योगिक वसाहतीतील गाळ्यात दहा मिनिटांत उरकते आणि उमेदवार निवडला जातो. पगाराचा विषय निघाला की मग उलगडते, की पगार नाही; घरोघर फिरून माल विकायचा आणि विक्रीवर कमिशन घ्यायचे.

ही नोकरी स्वीकारावी की नाकारावी, असा प्रश्न माजी विद्यार्थी आणि पालक आम्हां शिक्षकांना वारंवार विचारतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा विचार आम्ही एका पाठाच्या रूपाने मांडत आहोत. ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर देणे हा या पाठाचा हेतू नाही. वाचकाला आपले उत्तर स्वतः काढता यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

१. दारोदारचा व्यापार हीन नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. फिरून माल विकणे हे कमीपणाचे काम नाही. जातककथांमधील सेरिवाणिज जातकात दोन फेरीवाले आहेत. अंधपूर नगरातील गल्ल्या आपसांत वाटून घेऊन ते दारोदार माल विकतात. एका पडत्या काळातील घरात आजी आणि नात मोलमजुरीवर दिवस काढीत असतात. नातीला एक दागिना हवा असतो. त्याच्या बदल्यात देण्यासाठी घरात काजळी चढलेले एक जुने भांडे तेवढे उरलेले असते. पहिला फेरीवाला सुईने ओरखडा काढून पाहतो. भांडे सोन्याचे आहे हे त्याला कळते, पण ते कवडीमोलाचे म्हणून तो फेकून देतो. पुढे फुकटात मिळवावे असा त्याचा डाव असतो. मागाहून आलेला दुसरा फेरीवाला मात्र भांड्याची खरी किंमत सांगतो. नावेचे भाडे, आपला तराजू आणि पिशवी तेवढी ठेवून घेतो आणि जवळचा सारा पैसा व माल त्या घराला देतो. हा दुसरा फेरीवाला म्हणजे बोधिसत्त्व.

दोघांचा व्यवसाय एकच आहे. फरक केवळ दारात उभे राहून काय बोलले गेले याचा आहे. तथागतांनी उपासकासाठी निषिद्ध सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा समावेश होतो. भांडी, पुस्तके किंवा पाण्याचे यंत्र विकण्याचा होत नाही. म्हणून काम सम्यक आहे की नाही हे ठरवताना माल कोणता, तो कोणते शब्द बोलून विकावा लागतो आणि धोका कोणाच्या डोक्यावर आहे, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिल्याचे उत्तर सोपे असते. खरा अभ्यास उरलेल्या दोहोंचा आहे.

२. धोका कोणाचा?

मुंबईच्या व्यापारी इतिहासात दारोदारच्या विक्रीची यशस्वी उदाहरणे आहेत. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली विकोची स्थापना केली, तेव्हा त्यांचे दंतमंजन सुरुवातीला घरोघरच विकले गेले. युरेका फोर्ब्स ही कंपनी १९८२ साली स्थापन झाली आणि तिच्या विक्रेत्यांनी मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात प्रात्यक्षिके करून व्हॅक्यूम क्लीनर हे अपरिचित यंत्र परिचयाचे केले. ही उदाहरणे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी उमेदवारांना ऐकवली जातात. परंतु त्यांतील भेद सांगितला जात नाही. पेंढरकर स्वतःचा माल विकत होते. धोका त्यांचा होता, तसे नावही त्यांचे होते आणि पुढे उभी राहिलेली कंपनीही त्यांच्याच कुटुंबाची झाली. केवळ कमिशनवर राबणारा तरुण धोका मालकासारखा पत्करतो, हक्क मात्र त्याला ना मालकाचे मिळतात ना नोकराचे. त्याने घडवलेली ग्राहकांची यादी त्याच्यामागे कंपनीकडेच राहते.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला येथे बलुत्याची आठवण होते. वतनदार महाराला गावाची आणि सरकारची कामे वेळीअवेळी करावी लागत. मोबदला मात्र निश्चित नसे. तो दारोदार फिरून, घरधन्याच्या मर्जीवर मिळे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. मर्जीवरच्या बलुत्याऐवजी ठरलेला मोबदला मिळावा, हा त्यामागील एक प्रमुख विचार होता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामाचे तास, किमान वेतन आणि कामगारांची सुरक्षितता हे विषय कायद्याच्या कक्षेत आणले. किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली मांडले गेले आणि त्याचा कायदा १९४८ साली झाला. कमिशनची नोकरी म्हणजे बलुते, असे आम्ही म्हणत नाही. ती सोडण्याचे स्वातंत्र्य आज आहे आणि वतनात ते नव्हते. परंतु श्रम निश्चित आणि मोबदला अनिश्चित, हे सूत्र दिसले की आपण सावध व्हावे, एवढे या इतिहासाने शिकवले आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने विसरू नये. परदेशातील उच्च शिक्षण घेऊन मुंबईत आलेल्या बाबासाहेबांनी शेअर व्यवहारांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि तो व्यवसाय बंद पडला. सल्ल्यात उणीव नव्हती. आजही गळ्यातील ओळखपत्रावर आडनाव असते. काही दारांत मालाच्या आधी आडनावाची चौकशी होते. मासिक पगार असलेल्या माणसालाही हा अपमान सोसावा लागतो, पण त्यामुळे त्याचा पगार कापला जात नाही. कमिशनवरच्या विक्रेत्याच्या बाबतीत ग्राहकाचा पूर्वग्रह थेट त्याच्या कमाईतून वजा होतो. गुणवत्तेप्रमाणे कमाई, असे सांगणाऱ्यांच्या हिशेबात ही वजाबाकी कधीच धरलेली नसते.

३. हिशेब मांडून पाहावा

दीघजाणु सुत्तात तथागतांनी गृहस्थाला सांगितले आहे, की तराजू धरणाऱ्याप्रमाणे आय आणि व्यय यांचा तोल त्याला ठाऊक असावा. तोच तराजू आपण हाती घेऊ. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. वाचकाने त्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

समजा, वस्तूची किंमत ६,००० रुपये आणि कमिशन १० टक्के, म्हणजे एका विक्रीमागे ६०० रुपये. महिन्याचे कामाचे दिवस २६. नवख्या मुलाची दोन दिवसांत एक विक्री झाली, तर महिन्यात १३ विक्री होतात. त्यांपैकी २ ग्राहकांनी माल परत केला आणि त्यांचे कमिशन कापले गेले. उरल्या ११ विक्री, म्हणजे ६,६०० रुपये. लोकलचा पास, बस, रिक्षा, दुपारचे जेवण आणि मोबाईल मिळून रोज १२० रुपये धरले, तर महिन्याचा खर्च ३,१२० रुपये. हाती राहिले ३,४८० रुपये. रोजचे ९ तास धरता २३४ तास झाले. म्हणजे तासाला १५ रुपयांहूनही कमी.

आता उलट बाजूने पाहू. घरभाडे आणि घरी पाठवायची रक्कम धरून हाती १५,००० रुपये उरले पाहिजेत, असे ठरवले. खर्चासह १८,१२० रुपये मिळवावे लागतील. त्यासाठी परत न येणाऱ्या ३१ विक्री हव्यात. परतीचे प्रमाण तेच धरले तर एकूण ३७ विक्री कराव्या लागतील. म्हणजे दोन दिवसांत एक नव्हे, जवळजवळ तीन. हे आपल्याला साधेल का, असे कंपनीला विचारू नये. त्याच विभागात सहा महिने टिकलेल्या दोन विक्रेत्यांना गाठून विचारावे. सहा महिने टिकलेला एकही भेटला नाही, तर तेच उत्तर समजावे.

या हिशेबात उपनगरांचा भूगोलही येतो. मुलुंडला राहणाऱ्याला बोरिवलीचा विभाग मिळाला, तर लोकलने दादरपर्यंत जाऊन गाडी बदलावी लागते किंवा रस्त्याने वाहतुकीत अडकावे लागते. घाटकोपर ते अंधेरी मेट्रो २०१४ पासून आहे, पण तिचे तिकीट खर्चात धरावे लागते. मोठ्या सोसायट्यांच्या फाटकावर विक्रेत्यांना प्रवेश नसल्याची पाटी असते. वॉचमनने अडवले की तास वाया जातो, आणि तो तास कोणीही भरून देत नाही.

४. कायदा काय सांगतो

कमिशनवरच्या माणसाला कंपन्या बहुधा ‘स्वतंत्र प्रतिनिधी’ म्हणतात. हेतू हा की त्याला कामगाराचे हक्क लागू होऊ नयेत. परंतु नाव दिल्याने नाते बदलतेच असे नाही. घरोघर जाऊन दैनंदिन ठेव गोळा करणारे पिग्मी एजंट आपल्या परिचयाचे आहेत. राष्ट्रीयीकृत बँकांतील अशा ठेव-संग्राहकांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ साली सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात न्यायालयाने मान्य केले, की हे संग्राहक बँकेचे कामगार आहेत आणि त्यांचे कमिशन हे कामाच्या प्रमाणात मिळणारे वेतनच आहे. ठराविक ठेवीच्या अटीवर महिना ७५० रुपयांचे आधारवेतन आणि ग्रॅच्युइटी देणारा न्यायाधिकरणाचा निवाडा त्यामुळे टिकला. मात्र ही लढाई संघटनेच्या बळावर झाली आणि तिला वर्षानुवर्षे लागली, हेही ध्यानात ठेवावे.

करार कायदा, १८७२ च्या कलम २१९ नुसार, वेगळा करार नसेल तर काम पूर्ण झाल्यावरच एजंटाचा मोबदला देय होतो. म्हणून ‘काम पूर्ण’ म्हणजे काय, ऑर्डर मिळणे, माल पोहोचणे की शेवटचा हप्ता भरला जाणे, हे लेखी असले पाहिजे. थेट विक्रीसंबंधीचे २०२१ चे नियम विक्रेत्याने ओळखपत्र बाळगावे आणि पूर्वपरवानगीशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असे सांगतात. माल विकण्यापेक्षा माणसे जोडण्यावरच कमाई अवलंबून असेल, तर ती योजना १९७८ च्या पैसा-फिरवणूक योजना बंदी कायद्याच्या कचाट्यात येऊ शकते. तिच्यापासून दूरच राहावे.

५. निर्णयाच्या पायऱ्या

(अ) नियुक्तिपत्र किंवा लेखी करार मागावा. कमिशनचा दर, ते मिळण्याची तारीख, परतीच्या मालाचा नियम आणि कामाचा विभाग या चार गोष्टी त्यात असाव्यात.

(आ) प्रशिक्षण, किट किंवा अनामत या नावाने पैसे मागितले, तर तेथूनच परत फिरावे.

(इ) मूळ गुणपत्रिका आणि जातीचा मूळ दाखला कोणाच्याही स्वाधीन करू नये. प्रती द्याव्यात.

(ई) पहिले ग्राहक म्हणून आत्या, मामा, शेजारी आणि विहारातील उपासकांची यादी मागितली जाते. ती देण्यापूर्वी थांबावे. आपल्या वस्तीचा आपल्यावरील विश्वास हे पिढ्यांचे भांडवल आहे. नातलगांना माल विकून झाला, की कंपनीला नवा मुलगा आणि त्याचे नवे नातलग मिळतात. आपल्याला मात्र त्याच वस्तीत राहायचे असते.

(उ) मुलींनी अनोळखी घरात एकटीने जाऊ नये. सोबतीला दुसरी विक्रेती देण्यास कंपनी तयार नसेल, तर नकार द्यावा.

(ऊ) शिक्षण अर्धवट सोडून हे काम घेऊ नये.

इतके पाहूनही हे काम घ्यावेसे वाटले, माल चांगला असला, लिखापढी स्वच्छ असली आणि दोन महिने कमाई झाली नाही तरी घरची चूल अडणार नसली, तर अनुभवासाठी ते घ्यायला हरकत नाही. अनोळखी दार वाजवणे, नकार पचवणे आणि मुद्देसूद बोलणे हे शिक्षण पुढे कोठेही उपयोगी पडते. मात्र साठ दिवसांची मुदत आधीच ठरवावी आणि रोज वहीत किती दारे, किती विक्री, किती खर्च याची नोंद करावी. साठाव्या दिवशी वही सांगेल ते ऐकावे, टीम लीडर सांगेल ते नव्हे.

घरात उद्याच्या दाण्याची भ्रांत असेल, तर मात्र ही नोकरी घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. कमी का होईना, ठरलेल्या पगाराचे काम पाहावे. कारण रिकाम्या पोटी दारात उभ्या राहिलेल्या प्रामाणिक मुलालाही ‘हे यंत्र घेतले नाही तर तुमची मुले आजारी पडतील’ असे बोलण्याचा मोह होतो. पहिला फेरीवाला आणि दुसरा फेरीवाला यांच्यात अंतर फार नसते. महिनाअखेरचे टार्गेट ते पुसून टाकू शकते. आपला मुलगा दुसरा फेरीवाला राहावा असे वाटत असेल, तर त्याच्यावर पहिला होण्याची पाळी येणार नाही, हे पालकांनीही पाहिले पाहिजे. ‘घरी बसण्यापेक्षा काहीतरी कर’ एवढे म्हणून त्याला घराबाहेर न काढता, त्याच्याबरोबर बसून वरचा हिशेब एकदा मांडावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. स्वतःचा माल विकणारा आणि कमिशनवर दुसऱ्याचा माल विकणारा, यांच्या धोक्यात व हक्कांत कोणता फरक आहे?

२. वरील उदाहरणात कमिशन १० ऐवजी १५ टक्के धरले, तर हाती किती रुपये उरतील?

३. पिग्मी एजंटांच्या निकालाचा आधार आज कोणकोणत्या कामांतील तरुणांना घेता येईल?

४. आपल्या विहारात नोकरीच्या जाहिराती तपासून देणारे मंडळ स्थापन करायचे झाल्यास त्यात कोण असावे?

नमो बुद्धाय! जय भीम!